मामीचं बटण आणि माझा विसराळू डबा

चि. भाचीबाई (कारखान्यातल्या इंजिनीअरसाहेब) हिस मामाचे भरपूर आशीर्वाद.

तुझा खोकला आणि तुझ्या साहेबांचा राग, दोन्ही उतरले असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत. मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता दर दोन तासांनी औषधाचे थेंब. कुणाही शहाण्या माणसानं गजराचं घड्याळ लावलं असतं. पण जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त करून अडुसष्टाव्या वर्षी वाचनालयाच्या पुस्तकावरून असेम्ब्ली, म्हणजे चिपची भाषा, शिकलेल्या माणसाला (म्हणजे मला) डबा बनवायची हुक्की आली.

डबा साबणाचा, आत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हुकमाप्रमाणे चालणारी नखाएवढी चिप. तो मिनिटं मोजतो. एकशेवीस भरली की शिट्टी. शिवाय मामीच्या उशाशी बटण. ते दाबलं की खाली माझ्या टेबलावर घंटेचे तीन टोले. याला तुम्ही इंटरप्ट म्हणता, आमच्या घरात चाळीस वर्षं त्याला "अहो, ऐकलं का?" म्हणतात. चिप हातातलं काम टाकून धावते, घंटा वाजवते, परत येते. सगळं झकास, फक्त कालपासून मामी जागी असताना शिट्टी एकदाही झाली नाही! तारा तपासल्या, चिप बदलली. मामी झोपली की मात्र डबा चोख चालतो, म्हणून तिलाच दोष देऊन पाहिला. परिणामी ती सोमवारी तुझ्याकडे राहायला निघालीय. मंगळवारी डॉक्टर डोळा तपासणार. थेंब चुकलेत, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा सोबतचा प्रोग्राम बघ आणि

(घंटा झाली. आलोच.)

आलो. उशी सरळ करून हवी होती. तर ती उशी... पण उशीचं काय सांगत होतो मी?

थांब पोरी, सापडलं! मिनिटांचा आकडा ज्या रजिस्टरात (चिपच्या हातातली वाटीच म्हण) ठेवला, त्यातच मी टोलेही मोजत होतो. तीन, दोन, एक, वाटी रिकामी. परत आलेली चिप बिचारी मिनिटं शून्यापासून मोजायला बसते. दर बटणाला थेंब आणखी दोन तास लांब! जाताना वाटीतलं स्टॅकवर (चिपच्या फळीवर म्हण) काढून ठेवायचं, येताना उचलून घ्यायचं, या दोनच ओळी राहिल्या होत्या. मीही यापुढे पेन ओळीवर खुणेला ठेवूनच उठेन.

तुझा,
मामा

ता. क. मामीचा फोन येईल. तुझ्या घरात रंगकाम काढलंय म्हणून सांग, म्हणजे ती यायची नाही. खरं तर पत्र त्यासाठीच.

दुसरा ता. क. ओळी घातल्या, शिट्टी झाली. वर जाऊन थेंब चुकल्याची कबुली दिली, तर मामी हसायलाच लागली. समोरच्या शाळेचा तास चाळीस मिनिटांचा. तीन घंटा झाल्या की ती स्वतःच थेंब घालत होती. म्हटलं, "मग बटण कशाला दाबत होतीस सारखं?"

"तुम्ही वर यावं म्हणून. नाहीतर दिवसभर खालीच बसला असता, माझ्यासाठी डबा बनवत."

रंगकाम रद्द. घंटा वाजतेय. या वेळी पेन कुठेही टाकून जातो.