हवालदार जगदाळे यांचा नेमबाजीचा बिल्ला

मी, अंबादास गोविंद टाकळकर, वय ७४, केंद्र सरकारचा निवृत्त सेक्शन ऑफिसर, राहणार वसुंधरा, गाझियाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे.

१. राहता फ्लॅट आणि ठेवी माझी एकुलती एक मुलगी देवयानी हिला. अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. पन्नास वर्षांत जमवलेले लष्करी नेमबाजीचे जुने बिल्लेही तिलाच. "बाबा, यार, हे सगळं मी कुठे ठेवू?" असं ती म्हणते. कुठेही ठेव, पण पॉलिशने घासू नकोस. परीक्षित खासनीस या माझ्या संग्राहक मित्राने १९९८ साली माझा एक बिल्ला बघायला म्हणून नेला, तो नेलाच. त्याला तो लखलाभ. माझ्या शोकसभेत मात्र त्याला बोलू देऊ नये.

३. कपाटाच्या वरच्या खणात, कापराच्या डबीत एक कापडी बिल्ला आहे: खाकीवर पितळी तारेने भरलेल्या दोन तिरक्या रायफली. तो माझा नाही. तो हवालदार हणमंत जगदाळे यांचा आहे.

हणमंतराव दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. २००७ साली ते गेले. त्यांच्या पत्नी, इंदुमतीवहिनी, बिल्ला माझ्या हातात देत म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला यातलं कळतं. चांगली फ्रेम करून आणा." मी आणली. आत बाजारातली नक्कल होती. तसला बिल्ला मी वीस वर्षं शोधत होतो. वहिनींना काय फरक कळणार, त्यांच्याकडे त्याला कसर लागेल, मी निदान जपेन, अशी मी मनाची समजूत घातली. आम्ही संग्राहक चोरीला जपणूक म्हणतो. अस्सल बिल्ल्याच्या मागे लाल धाग्याचे टाके आहेत. खाकी दोरा संपला म्हणून वहिनींनीच घातलेले. ते उसवायचं धाडस मला झालं नाही.

येत्या १८ फेब्रुवारीला वहिनी ती फ्रेम हणमंतरावांच्या पलटणीच्या संग्रहालयाला देणार आहेत. तिथले जाणकार ती उघडतील आणि पाहताक्षणी ओळखतील. ऐंशी वर्षांच्या बाईला चारचौघांत सांगतील, हे खोटं आहे. हणमंतरावांनी हा बिल्ला कधी मिळवलाच नव्हता, असंही कोणी म्हणेल. मला हे सहन होत नाही. या महिनाभरात तीनदा नोएडाला त्यांच्या मुलीच्या घरापर्यंत जाऊन आलो. दोनदा जिन्यातूनच परतलो. तिसऱ्यांदा वहिनींनीच दार उघडलं. "अच्छा झालं आलात! त्या दिवशी चलाल ना? दोन शब्द तुम्हीच बोला, भावोजी." मी "बिल्कुल" म्हणालो, चहा प्यायलो आणि परत आलो. बिल्ला खिशातच होता.

देवयानी, तो त्यांच्या हातात दे आणि खरं काय ते सांग. माझी छी-थू होईल, होऊ दे.

४. मी ऑपरेशनमधून वाचलो, तर हा कागद फाडायला सांगेन. सबबी काढेन, रडेनसुद्धा. माझं ऐकू नकोस. कलम तीनपुरता मी मेलो असं समज आणि १८ तारखेच्या आत नोएडाला जा.

मजकूर न दाखवता, फक्त सही करताना पाहायला बोलावलेले साक्षीदार:
१. अलकनंदा देव, शेजारी (सही)
२. साकेत देव, त्यांचे चिरंजीव (सही)

लिहून देणार: अंबादास गोविंद टाकळकर (सही)
गाझियाबाद, ८ फेब्रुवारी २०२५