पाळीवरचे गाठिये

ता. ६ मार्च

मुरब्बी श्री. प्रद्युम्नभाई,

सादर नमस्ते. तुमची तब्येत आणि सरलाबेनचा गुडघा ठीक असेल. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

निमंत्रणपत्रिकेचा नमुना मिळाला. कागद छान जाड आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात पक्षीमित्र मंडळाचं मासिक व्याख्यान, प्रमुख पाहुणे वनाधिकारी साहेब, आणि अनोपचंद शेठांच्या हस्ते मला शाल-श्रीफळ. विषय तुम्ही मला न विचारताच ठरवलात : ‘गाठियामुक्त तलाव, एका तरुणीची झुंज’. मी नक्की कोणाशी झुंजले, एवढं तरी विचारायचं होतंत.

नमुना तपासून परत कर, असं तुम्ही म्हटलंय. त्यात एक चूक आहे. ती शेवटी सांगते.

जानेवारीचं माझं व्याख्यान तुम्ही अर्धंच ऐकलंत, असं मला आता वाटतं. संक्रांतीचं उत्तरायण नुकतंच झालं होतं आणि पुण्य म्हणून धोमड्यांपुढे, या पाहुण्या कुरव पक्ष्यांपुढे, इतके गाठिये उधळले गेले होते की तळ्याच्या काठाला तेलाचा तवंग होता. मी सांगितलं की हा पक्षी मासे आणि किडे खाणारा आहे. तळलेल्या खारट बेसनानं त्याचं पोट भरतं, पण परतीच्या लांबच्या प्रवासाला लागणारी ताकद अंगात येत नाही. तुम्ही पहिल्या रांगेत मान डोलावत होतात. पुढे मी असंही म्हटलं की पाळीवरचा हातगाडीवाला गाठिये उधळत नाही, तो विकतो. विकत घेऊन उधळतो आपण, तेव्हा आधी थांबायचं आपण. गाडीवाल्यांना एक हिवाळा द्या, मंडळाच्या दुर्बिणी त्यांच्याकडे द्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पक्षी दाखवायचं काम द्या. टाळ्या याच वाक्यावर पडल्या होत्या. तुम्हीही वाजवल्या होत्यात.

मंडळाचे अध्यक्ष म्हणून नगरपालिकेला तुम्ही जो अर्ज दिलात त्यात यातलं काहीच नाही. त्यात आहे फक्त ‘आमच्या अभ्यासू सभासद’, म्हणजे मी, आणि ‘गाड्या तत्काळ हटवाव्यात’. फेब्रुवारीत एका सकाळी ट्रक आला आणि पाळीवरच्या, तळ्याच्या त्या बांधावरच्या, सगळ्या गाड्या घेऊन गेला. अग्निशमन केंद्रामागच्या आवारात त्या चाकं वर करून पडल्या आहेत. गाडीवाले विचारायला गेले तर निरीक्षक म्हणाला, “माझ्याशी काय भांडता? तुमच्यातल्याच शिकलेल्या बेननं सांगितलंय.”

त्यानंतरचाच रविवार. शेठांच्या आईची तिथी. रिकाम्या पाळीवर त्यांची पांढरी गाडी उभी, डिकीत गाठियांचे डबे, आणि शेजारी तुम्ही, ओंजळ भरभरून फेकताना. फोटो वर्तमानपत्रात आला, म्हणून नाकारायचा प्रश्न नाही. मी तिथेच होते. मी विचारलं तेव्हा शेठ प्रेमानं म्हणाले, “बेन, हे घरचे आहेत. शेंगदाण्याचं चोख तेल, सोडा अजिबात नाही. बाजारचा माल वेगळा.” मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हात झटकलेत आणि हळूच म्हणालात, “भाविषाबेन, धर्माच्या कामात शास्त्र मधे आणू नये.”

धोमड्यांनी सोडा आहे की नाही ते न तपासता खाल्लं.

नगरपालिका म्हणते, मंडळानं ‘आमची हरकत नाही’ एवढं लिहून दिलं तर गाड्या सोडतो. त्यासाठी मी तुमच्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा तुम्ही समितीपुढे ठेवतो म्हणालात. दुसऱ्यांदा चहा दिलात, पाहुण्यांच्या कपातून, आणि समजावलंत, “तुझा काय संबंध? तू शिकलेली मुलगी. या लोकांत अडकू नकोस. आज गाठिये विकतात, उद्या भजी विकतील. त्यांना काही होत नसतं.”

मी कप खाली ठेवून निघून आले. त्या दिवशी उत्तर दिलं नाही, आज देते. संबंध असा आहे.

जानेवारीच्या व्याख्यानाला शेवटच्या रांगेत एक माणूस बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. प्रश्न विचारा असं तुम्ही म्हणालात तेव्हा त्यानं हात वर केला आणि उठून विचारलं, “साहेब, धोमडा सकाळी नेमानं येतो. आपण एकदम बंद केलं तर त्याला सांगायचं कसं?”

लोक हसले. तुम्ही म्हणालात, “अरे भाई, प्रश्न सभासदांसाठी आहेत. तू जरा कप गोळा कर.”

मी बोलणार होते. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, घरमालक दारात आला आणि मी तावातावानं पुढे झाले की हलवतो तशी. मग त्यानं खरंच कप गोळा केले. सगळ्या रांगांतले. तुमच्या कपात तुम्ही बिस्किटाचा कागद चुरगळून टाकलात आणि न बघताच त्याच्या हातात दिलात.

ते माझे बापू. वालजीभाई. पाळीवर पिंपळाखाली जी गाडी असायची ती त्यांची. त्या सभागृहात ते पहिल्यांदाच आले होते. मुलगी बोलणार म्हणून सदरा धोब्याकडे देऊन इस्त्री करून आणला होता. आमच्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पाहिलं ते याच गाठियांवर. गाठिये पक्ष्यांना वाईट हे मला तिथेच शिकवलं गेलं, आणि शिकले ते मी लपवलं नाही, घरीही नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन ते बराच वेळ पाय धूत बसले. मग म्हणाले, “तू सांगितलंस ते खरं असणार. हल्ली त्यांची पिसं चिकट दिसतात. मला वाटायचं कारखान्यांचा धूर असेल. मला थोडी सवड दे, मी दुसरं काही बघतो.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तळण अर्ध्यावर आणलं. गाडीवर माणसांसाठी भाजलेले चणे ठेवले. कुणी धोमड्यांसाठी मागितलेच तर पुडी लहान बांधायचे आणि गिऱ्हाइकाची बोलणी खायचे.

प्रद्युम्नभाई, त्या सभागृहात माझं म्हणणं पटलेला एकच माणूस होता, आणि तुम्ही त्याला कप उचलायला लावलंत.

आता आई मला म्हणते, “शिकवलं ते आमच्याच पोटावर पाय द्यायला.” बापू अजून रोज पहाटे सायकल काढून तळ्यावर जातात. धोमडे त्यांना ओळखतात. तळ्यावरून उठतात आणि बाजारापर्यंत त्यांच्या डोक्यावरून ओरडत येतात. दुकानदार हसतात, “वालजी, तुझी वरात निघाली बघ.” बापू सायकलवरून उतरतात, दोन्ही हात वर करून रिकामे तळवे दाखवतात. पक्षी घिरट्या घालतात आणि परत जातात. सभागृहात त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर ते असं रोज रस्त्यात उभं राहून देतात. काल म्हणाले, “त्यांची डोकी काळी पडायला लागली, परतीच्या आधी पडतात तशी. आता निघतील. या वर्षी नीट निरोप घेता आला नाही.”

गाडी नेल्याची तक्रार त्यांनी कुणाकडे केली नाही. म्हणून मी बोलते आहे.

हरकत नसल्याचं पत्र व्याख्यानाच्या आधी नगरपालिकेत पोचवा. गाड्या सुटल्या तर पुढच्या हिवाळ्यात पाळीवर दुर्बिणी लागतील, गाठिये नाहीत, हे बघायची जबाबदारी माझी. बापूंनी बाकीच्या गाडीवाल्यांना तसं विचारलंही आहे. पत्र नाही पोचलं तरी मी येणारच. शाल घेणार नाही, ती शेठांना परत घेऊन जायला सांगा. वनाधिकारी साहेबांसमोर मी जानेवारीचंच व्याख्यान पुन्हा देईन, या वेळी पूर्ण. धोमड्यांच्या चित्रांमध्ये वर्तमानपत्रातला तुमचा फोटोही पडद्यावर दाखवीन. त्यात तुमच्या ओंजळीतले गाठिये अगदी स्पष्ट दिसतात. व्याख्यान रद्द करायचं असेल तर तो तुमचा अधिकार. मग त्याच वेळेला ते मी पाळीवर देईन, पिंपळाखाली, गाडी उभी असायची तिथे.

सभागृहात झालं तर बापू पहिल्या रांगेत बसतील. सदरा धोब्याकडे दिला आहे. त्यांनी प्रश्न विचारला तर उत्तर तुम्ही द्यायचं. कप या वेळी दुसरं कोणी गोळा करील.

आता चूक. पत्रिकेत शेठांचं नाव वडिलांच्या नावासकट छापलं आहे, साहेबांचंही, तुमचंही. माझं तेवढं मधलं नाव गाळलं आहे. तुम्हाला ते माहीत नव्हतं हे मला समजतं, कारण तुम्ही कधी विचारलंच नाहीत. दुरुस्ती करून, खाली लिहिलंय तसंच छापा.

भाविषा वालजीभाई गोहेल