माझ्या दुकानाचे सात तोटे

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन हात सध्या फॉर्म भरण्यात अडकलेत, उरलेली सहा पोचती करून घ्यावीत.) तुमचा गुडघा कसा आहे? आईने तीनदा विचारायला सांगितलंय, ते यातच धरा.

मी कॉलेजातून एकदाचा सुटलो हे कळलं असेलच. (पहिला वर्ग मिळाल्याचं आईने गल्लीभर केलंय. कुठून आणला तिलाच ठाऊक, मला दुसराच मिळालाय.) सुट्ट्यांमध्ये ज्यांच्याकडे मी शिवणयंत्रं उघडायला आणि क्वचित परत जोडायला शिकलो, ते मिस्त्रीकाका आता थकले. म्हणाले, "दुकान तू घे, नाहीतर महिनाअखेर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देतो." मामा, जगात त्या एकाच खोलीत मी जरा शहाण्यासारखा वागतो. ती गेली तर माझं काही खरं नाही. म्हणून बँक गाठली.

तिथल्या बाईंनी सांगितलं, धंद्याची माहिती दोन पानांत लिहून आणा. झालं! आजवर परीक्षेत जे केलं तेच केलं. प्रस्तावना, व्याख्या, आकृती (पेन्सिलीने, भागांना नावं देऊन), फायदे, तोटे, समारोप. तोटे लिहिले नाहीत तर मार्क कापतात, हे हाडीमाशी खिळलेलं. दोन्ही पाच-पाच लिहायचे असतात, पण फायदे काही केल्या चारच सुचले हो! तोटे मात्र असे भराभर आले की पुरवणी जोडावी लागली. मालकाला अनुभव नाही. मालक सकाळी उठत नाही. मशिन जोडल्यावर एक स्क्रू हमखास उरतो. (मामींच्या मशिनचा मी जपून ठेवलाय.) असे चांगले सात. खाली दोनदा रेघ मारली आणि ऐटीत नेऊन दिलं.

मॅनेजरसाहेबांनी वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, अक्षर आवडलं. मग त्यांनी बाईंना आणि शिपायाला बोलावून स्क्रूचा तोटा मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कानशिलं अशी तापली म्हणता! पोटभर हसून झाल्यावर साहेब म्हणाले, "तोटे स्वतःहून लिहून देणारा तू पहिलाच. कर्ज देतो. पण जामीनदार असा आण, जो सातही तोटे वाचून सही करेल."

बाबा निवृत्त, ते जामीनदार म्हणून बँकेला चालत नाहीत. थोरल्या काकांना चौथ्या तोट्यापाशी अचानक डॉक्टरांकडे जायचं आठवलं. असो. हे पत्र निव्वळ खुशाली कळवण्यासाठी आहे, मागणं काही नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. : पाकिटात जामिनाचा फॉर्म चुकून आलाय. आलाच आहे तर फुलीपाशी सही करून शुक्रवारच्या आत पाठवावा.

ता. क. २ : तोट्यांचा कागदही सोबत आहे. सातवा खोडलाय, तो वाचू नये.

ता. क. ३ : तुम्ही उजेडासमोर धरून वाचणारच, म्हणून सांगून टाकतो. 'सात : मालकाने आजवर कॉलेज सोडून काहीही तडीस नेलेलं नाही, आणि तेही दर सहामाहीला मामा गुडघा धरत येऊन फी भरून गेले म्हणून.' साहेबांनी हा तोटा मोठ्याने वाचला नाही. समासात फक्त लिहिलं, 'हा फायद्यांत घे. पाच झाले.'