मंत्र पुरा होईपर्यंत

नाशिक रोड,
जून १९८६

प्रिय लता,

तू सासरहून निघून कळवणला कुसामावशीकडे सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. शनिवारपर्यंत तिथेच राहा. सायखेड्याला, सासरी, इतक्यात जाऊ नकोस.

काल माळ्यावरून तुझ्या यादवदादाचा तो खेळ काढला. बोटीवर नोकरीला असताना त्याने आणलेला. भुयारं, राक्षस आणि ते भलत्याच आकाराचे फासे. पुस्तक इंग्रजीत, म्हणून देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी नियम वाचून तुम्हाला मराठीत सांगायची. तुला जादूगारीणच व्हायचं असायचं. मी ढालवाली, कारण उरायचं तेवढंच.

आठवतं? फासे टाकण्याआधी प्रत्येकाने काय करणार ते सांगायचं. तलवार पटकन चालते, मंत्राला वेळ लागतो. मंत्र पुरा होण्याआधी जादूगारिणीला एक घाव बसला, की तो वाया. त्या दिवसापुरता विसरलाच. तू चिडायचीस, "मी सुरुवात केली होती ना!" यादव म्हणायचा, "सुरुवातीला कोण विचारतं, बाईसाहेब?" मग एकदा तू मला पुढे केलंस. "आई, तू दारात उभी राहा. माझं होईपर्यंत हलायचं नाही." माझी ढालवाली त्या दिवशी मेली, पण तुझा मंत्र पुरा झाला. किती नाचलीस तू.

पप्पांसमोर तुझं तसंच होतं. तू तोंड उघडतेस, ते म्हणतात, "थांब, आधी माझं ऐक," आणि तू गप्प. बुद्ध पौर्णिमेला आलीस तेव्हा अंगाची लाही होत होती, आणि तुझ्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत. मी विचारलं. तू सांगायला लागलीस तेवढ्यात पप्पा आत आले, "सासरचं सासरीच मिटवायचं." तू उठून भांडी विसळायला गेलीस. निघताना बसच्या खिडकीतून हात हलवलास, तेव्हा बाही खाली घसरली. मी पाहिलं.

रविवारी सकाळी सायखेड्याची माणसं तुला न्यायला इथे येणार आहेत. पप्पांनी त्यांना शब्द दिलाय. तू मावशीला घेऊन शनिवारीच ये. सगळे बसले की चहा यायच्या आत बोलायला लाग. सासरे मध्ये तोंड घालतील, पप्पा तर घालतीलच. त्यांना उत्तर देत बसू नकोस, ते माझ्याकडे. मी पप्पांना आधीच सांगून ठेवलंय, तिला पाठवलंत तर मीही या घरात राहणार नाही. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. तू फक्त बाही वर कर आणि शेवटपर्यंत सांग. तुझं होईपर्यंत मी हलणार नाही.

तुझीच,
आई