चार गुणांचं गाणं

२९ डिसेंबर, दुपारचे तीन

प्रिय टिमक्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. थंडीने गुडघा बोलायला लागलाय, पण तो दरवर्षीच बोलतो.

तुझी यादी गेल्या सोमवारी मिळाली. सात गाणी, प्रत्येकाला एक ओळ, पोस्टाने, डिसेंबर संपायच्या आत. तू वसतिगृहात गेलास तेव्हा आपण हे ठरवलं, त्याला तेवीस वर्षं झाली. तेवढ्यात तुझं अक्षर सुधारायला हवं होतं, ते मुंगी शाईत बुडवून सोडल्यासारखंच आहे. असो.

माझी यादी उशिरा निघतेय आणि यात पोस्टाचा काही दोष नाही. तीनदा कागद पुढे घेतला आणि तीनदा ठेवून दिला. पहिल्या नंबरावर कुठलं गाणं आहे ते मला मे महिन्यापासून माहीत आहे. पण ते लिहायचं तर त्याबरोबर तुला एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती कळल्यावर पुढच्या वर्षी तू मला यादी पाठवशील की नाही, मला खरंच सांगता येत नाही. म्हणून आपली सातपासूनच सुरुवात करते.

सातवं, शीळवाल्याचं. माणूस तीन मिनिटं नुसती शीळ घालतो आणि मध्येच त्याला हसू येतं. ते हसू त्यांनी कापलं नाही म्हणून मला आवडलं. आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये पलीकडच्या टेबलावर जी चष्मेवाली बसते, तिच्या रेडिओवर ऐकलं. मी तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीचे पुढचे दात मेणात बसवत होते. त्यांनी सोबत तरुणपणीचा फोटो पाठवला होता, असंच हसू हवं म्हणून. तुला हे गाणं पाठवलं तर तू दहापैकी पाच गुण दिलेस. कंजूष कुठला.

सहावं, बसमधल्या बाईचं. मागच्या सीटवरची बाई फोन कानाला लावून आपल्या बाळाला ते गाऊन दाखवत होती. मी तिला नाव विचारलं तर लाजली आणि पुढच्या स्टॉपला उतरली. दोन महिने शोधलं मी ते. सापडलं तेव्हा त्या बाईने म्हटलेलंच जास्त बरं होतं असं वाटलं.

पाचवं आणि चौथं या वर्षी नाही.

तिसरं आणि दुसरंही नाही, उगाच आढेवेढे कशाला. मे महिन्यानंतर मी गाणी ऐकलेलीच नाहीत. कानात इयरफोनची बोंडं घालते, चालू काहीच करत नाही. लोक बोलायला येत नाहीत, तेवढाच उपयोग. सकाळी नऊला लॅबमध्ये जाते, साचे भरते, घासते, चकाकी आणते, सहाला घरी येते, आणि जिना चढता चढता मधल्या मजल्यावर बसते. तिथे बसायचं कारण काही नाही. पुढचा जिना चढायचा कंटाळा येतो एवढंच. मालकांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरी आहे. आणि बरीच आहे मी, फक्त फार दमलेय. झोपून जाणारं दमणं नाही हे.

आता तुझ्या यादीबद्दल. शेवटी तू लिहिलंयस, "ताई, एक तारखेपासून मी ऑफिसात टेबलावर. लिफ्टचा खड्डा बंद. आता माझा फोन लागला नाही असं कधीच होणार नाही." वाचलं आणि जेवण तसंच ठेवलं. तू दहावी झाल्यापासून लिफ्टदुरुस्तीच्या मागे वेडा आहेस. दोर, चाकं, ग्रीस हे सगळं सोडून तू तक्रारींची नोंद करत बसणार, आणि ते कशासाठी, तर मी तुला मे महिन्यात सांगितलेल्या एका वाक्यासाठी. "तुझा फोन लागत नव्हता रे."

तू लगेच विश्वास ठेवलास. माझ्याशी वाद घातला नाहीस. म्हणालास, "खड्ड्यात असणार मी. तिथे रेंज मरते." माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून म्हणालास.

तर आता पहिलं गाणं.

पहिलं, पुलाचं गाणं. तुझ्याही यादीत पहिलंच आहे. फेब्रुवारीत तूच पाठवलंस, मी आठ दिले, आणि मग घरात सारखं लावत बसले. आईला ते इतकं आवडलं की मी कामावर गेले की माझ्या फोनवाचून तिची पंचाईत व्हायची. शेवटी कडवी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. दोन महिन्यांत तिने ते पाठ केलं. म्हणायची, त्याला सांगू नकोस, तो आला की मी म्हणून दाखवणार.

मे महिन्यातला तो मंगळवार. छातीत कफ झाला म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार दिवसांत घरी. तुलाही मी तसंच कळवलं होतं, काळजीचं काही नाही म्हणून, आणि तेव्हा ते खरंच होतं. दुपारी तिला जरा हुशारी आली. म्हणाली, तो काही इतक्यात येत नाही, तूच ते भरून घे आणि पाठव. मी फोन धरला. तिने दोन्ही कडवी म्हटली. मध्ये एकदा खोकली, पण सोडलं नाही.

मी ते तुला पाठवलं. आपल्या नियमाप्रमाणे, सोबत एक अक्षर न लिहिता. कोण गातंय, कुठलं आहे, काही सांगायचं नाही, नाहीतर गुण फिरतात. आई स्वतःच म्हणाली, सांगू नकोस, बघू ओळखतो का.

वीस मिनिटांत तुझं उत्तर आलं. "ही कुठली आजी धरून आणलीस? चांगल्या गाण्याची वाट लावली. शब्द तोंडात विरघळतात. चार."

टिमक्या, तिची कवळी काढलेली होती. दवाखान्यात काढायला लावतात. मीच केलेली कवळी, मीच तिच्या तोंडातून काढून वाटीत ठेवली होती. कवळी नसली की ओठ आत जातात, स आणि च ला धरायला जागा राहत नाही. नाकाला नळी होती ती वेगळीच. मला हे सगळं समजत होतं, माझा धंदाच तो आहे. तू ओळखायला हवं होतंस असं म्हणायचा मला काडीचाही हक्क नव्हता.

पण मला राग आला. असा राग आला की कानशिलं तापली. अकरा वर्षं तिचं औषधपाणी मी बघतेय, हा वर्षातून दोनदा येतो, तरी ती जप करते याच्या नावाचा, आणि याला तिचा आवाज ओळखता येत नाही. म्हटलं, बरं. आता तूच विचार. तू विचारेपर्यंत मी फोन करणार नाही.

तेवढ्यात तिने विचारलं, "किती दिले?"

"नऊ," मी म्हटलं.

"लबाड आहे. एक कशाचा कापला?"

"ते नाही लिहिलं."

"दातांचा असेल," ती म्हणाली आणि हसली. मग झोपली.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले, फोन हातात होता. तुझं नाव काढलं. त्याच्या खाली तो चार दिसला, आणि मी फोन पर्समध्ये टाकला. असं दिवसभरात तीनदा केलं. दर वेळी वाटायचं, जरा वेळाने करू, आत्ता बोलले तर भांडण होईल. संध्याकाळी नर्सने विचारलं, कुणाला कळवायचंय का? मी म्हटलं, भावाला करतेय, लागत नाहीये. हे वाक्य मी सगळ्यात आधी तिला सांगितलं. नंतर तुला सांगायला काहीच जड गेलं नाही, तोंडात तयारच होतं.

गुरुवारी सकाळी सहा वाजता आई गेली. मग लगेच तुला फोन केला आणि तू दुसऱ्या रिंगला उचललास.

तू बुधवारी सकाळी निघाला असतास तर संध्याकाळपर्यंत पोचला असतास. ती रात्री नऊपर्यंत शुद्धीत होती. हे मी रोज मोजते, आता तूही मोजशील, म्हणून सात महिने मूग गिळून बसले. मला आई गेल्याचं दुःख आहेच. पण मला थकवलंय ते याने.

तेव्हा टेबलावर बसू नकोस. खड्ड्यात रेंज होती की नव्हती याचा काही संबंधच नाही. तुझा फोन लागत होता. मी केला नाही. तुझ्या साहेबांना हे पत्र मिळेल त्याच दिवशी सांग आणि परत जा तुझ्या दोरांकडे. माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागाव, पण स्वतःवरचा राग माझ्यावर काढ. एवढं केलंस तर बास.

पाकिटात चिमुकलं मेमरी कार्ड आहे, कागदात गुंडाळून चिकटवलंय, फाडताना सांभाळ. पाचाच्या खालचं सगळं तू पुसून टाकतोस, मला माहीत आहे. त्यामुळे ते फक्त माझ्याकडे उरलं होतं. आता तुझ्याकडेही असेल. पहिल्यांदाच नियम मोडून ऐकायच्या आधी सांगते, गाणारी आपली आई आहे, कवळी नाही, आणि मध्ये खोकला आहे.

गुण द्यायचे की नाही ते तू ठरव. पण तिला मी नऊ सांगून बसलेय, त्यातून आता कमी करता येणार नाहीत.

मोबाईल उशाशी ठेवते. तू केलास तर लागेल.

तुझी
ताई