माझ्या घोंगडीला प्लास्टिक म्हणणाऱ्यासाठी

मी सोनाजी कडुबा शिंगाडे, वय अडुसष्ट, धंदा घोंगडी विक्री, दुकान औरंगपुरा, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलंय. झोप मात्र लागत नाही, ती का ते खाली येईलच. हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली नाही, माझ्या मर्जीनं लिहितो. याआधी कुठं काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

उस्मानपुऱ्यातलं घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी राजाबाई हिची. ती आहे तोवर घरात तिचा हुकूम चालेल, तिला न विचारता कुणी भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. तिच्यामागं घर मुलगा रामेश्वर याला जावं.

दुकान, आतला माल आणि दुकानाचं नाव मुलगी अक्षदा हिला. रामेश्वरला राग येईल. येऊ दे. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागं कोर्टकचेरी नको.

बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी मेंढरं विकली आणि शहरात डोक्यावर घोंगड्या घेऊन फिरले. ज्या माळावर आमचा कळप बसायचा तिथं आता सोसायट्या झाल्यात, त्यांनाही टँकरचं पाणी. पण लोकर घ्यायची तर शिंगाड्यांकडं, असं लोक म्हणत आले. तीच आमची खरी इस्टेट. गेल्या वर्षी पुन्हा पावसानं दगा दिला. फुलंब्रीकडच्या लोकांनी चाऱ्याअभावी मेंढरं विकून टाकली, लोकर मिळेना. नेमकं तेव्हाच कुणीतरी खोटं नाव लावून मोबाइलवर आमच्या दुकानाला एक स्टार दिला आणि लिहिलं, ‘लोकर संपलीय, म्हातारा प्लास्टिकचा धागा मिसळतो.’ लोकांना ते पटलं. जुनं गिऱ्हाईक दुकानात येऊन घोंगडी हुंगायला लागलं. लई लागलं ते मनाला.

अक्षदा म्हणाली, ‘आबा, शिव्या देऊ नका. त्या लिहिलेल्याचा फोटो काढून ठेवू, ॲपच्या कंपनीकडं तक्रार करू आणि खाली एकच उत्तर लिहू, की दुकानात या, घोंगडीच्या काठाची दशी ओढून जाळून बघा.’ मी मान डोलावली. रामेश्वरला धीर नाय. त्यानं पैसे देऊन खोटी तारीफ मागवली. ढीगभर पाच स्टार आले. त्यात लिहिलेलं, ‘चव उत्तम, पार्किंगची सोय चांगली.’ घोंगडीची चव. सगळा बाजार हसला, आणि कंपनीनं त्या खोट्याबरोबर आमची खरी तारीफही काढून टाकली. ‘आबा, तुमच्यासाठीच केलं ना,’ म्हणाला. व्हय बाबा, माझ्यासाठीच केलंस. पण दुकान तुला नाय.

अक्षदानं पुढंही तसंच वागावं. कुणी खोटं लिहिलं तर एकदाच, सभ्य, नावानिशी उत्तर द्यावं. अति झालं तर सायबर पोलिसांकडं जावं. तक्रार खरी असेल तर घोंगडी बदलून द्यावी. गल्ल्यावर काडेपेटी कायम ठेवावी.

ते प्लास्टिकचं कुणी लिहिलं याचा मला संशय आहे. नाव इथं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. पुरावा नाही. पुराव्याशिवाय नाव कागदावर चढवलं तर मीही तेच केलं असं होईल. पण राग गेलेला नाही, हे नोंदवून ठेवतो. अजून जेवता जेवता मोबाइल उघडतो, तो एक स्टार तिथंच असतो.

शेवटचं. मला अग्नी देताना शालबिल नको, दुकानातल्या ढिगातली एक घोंगडी घालावी. ती घरच्यांनी निवडू नये, बाजारवाल्यांनी निवडावी. घालण्याआधी तिची दशी ओढून सगळ्यांसमोर जाळावी. आमच्या शेजारी मशीनच्या ब्लँकेटचं दुकान चालवणारे खंडेराव यांनीच काडी लावावी. दशीची राख होऊन बोटांत चुरली तर ती लोकर. वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. जे होईल ते खंडेरावांनी मोठ्यानं सांगावं. गोळी झाली तर मला उघडाच जाळा.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ मे २०२४

सही: सोनाजी कडुबा शिंगाडे

साक्षीदार: १) पुंडलिक, चहावाले, औरंगपुरा. २) खंडेराव, ब्लँकेटवाले, औरंगपुरा.

जादा नोंद: खंडेराव यांनी सगळा मजकूर वाचला आणि विचारलं, ‘काडी मीच का लावायची?’ मी म्हणालो, ‘शेजारी आहेस म्हणून. सही कर.’ त्यांनी केली.