चोवीस पानांचा फॉर्म

६ जानेवारी
बावीस पानं! नव्या औषधाच्या चाचणीत येणाऱ्या रुग्णाने सही करायचा फॉर्म. ‘संभाव्य प्रतिकूल घटनांबाबत सहभागी व्यक्तीस अवगत करण्यात आले आहे.’ कोणाला कळणार हे? हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत मी ‘सामान्य व्यक्ती’ — नियमात तसंच लिहिलंय. बाकी सगळे असामान्य.

चाचणी घेणारे डॉ. विश्वजीत म्हणाले, “मॅडम, उंदरांमध्ये रिझल्ट्स फारच एन्करेजिंग आहेत.”

“उंदरांनी वाचला होता का हा फॉर्म?”

परत पाठवला.

९ जानेवारी
कर्वेनगरला शाळेतल्या मंदाकडे. स्नायू एकेक करून संपावर चाललेत. चमचा धरवत नाही. चहा मात्र अजून गिळते, घोट घोट. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. मग आम्ही दोघी मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून पोटभर मराठी बोलून घ्यायचो! तीच मंदा आता निम्मं डोळ्यांनी बोलते.

निघताना तिची लेक अक्षता दारात म्हणाली, “मावशी, आईच्या आजारावर नव्या औषधाची ट्रायल सुरू होणारे. कुठल्याशा कमिटीत अडकलीये.”

मी चप्पल शोधत राहिले.

१० जानेवारी
ही तीच चाचणी. मंदा माझी मैत्रीण आहे, हे अध्यक्षांना सांगायला हवं. सांगितलं तर मला बाहेर बसवतील, आणि ‘सामान्य व्यक्ती’शिवाय बैठक भरत नाही. गप्प बसले.

३ फेब्रुवारी
फॉर्म पुन्हा आला. चोवीस पानं! सोपा करा म्हटलं तर दोन वाढवली. विद्वान! मंदासाठी डोळेझाक करू? उद्या मार्केट यार्डातला एखादा हमाल यावर अंगठा उठवेल, त्याचं काय?

विश्वजीत म्हणाले, “मॅडम, पेशंटकडे एवढा वेळ नसतो हो.”

“मग एकदाच नीट लिहा.”

“तुम्हीच लिहा ना!”

लिहिते.

१२ फेब्रुवारी
लिहिला. पाच पानं. ‘हे औषध आजवर फक्त उंदरांना लागू पडलं आहे. तुम्हाला पडेलच असं नाही. केव्हाही नको म्हणा, डॉक्टर रागावणार नाहीत.’ शेवटचं वाक्य विश्वजीतना झोंबलं. छान झालं.

३ मार्च
मंजूर! एकमताने.

११ मार्च
अक्षता माझाच फॉर्म आईला वाचून दाखवत होती. “मावशी, पहिल्यांदा काहीतरी कळेल असं लिहिलंय बघ!” तिसऱ्या पानावर थांबली. ‘पाण्याचा घोट गिळता येत नसेल, तर हे औषध देता येणार नाही.’

किती सोपं लिहिलंय मी.

मंदाच्या नाकात गुरुवारपासून अन्नाची नळी आहे.